आदिभूमीच्या शोधात – लेखांक १४ : देवांकडे केव्हा उजाडते?

नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून बचावलेल्या सात स्त्रिया व सात पुरुष यांना गेल्या शनिवारी मी ओलेत्यानेच वाळूवर उभे करून ठेवले होते, आणि इस्रायलच्या हरवलेल्या दहा कुळांशी त्यांचे नाते खरोखर लागते किंवा कसे याची शहानिशा आज करण्याचे कबूलही केले होते. परंतु साखर पेठेतील एका वाचकभगिनींच्या पत्राने या लेखांकाचा कबजा घेतला असल्यामुळे बेने इस्रायलांच्या त्या पूर्वजांस आणखी आठ दिवस तिष्ठत राहणे प्राप्त आहे.

बाई लिहितात की, संक्रांतीला उत्तरायण लागते आणि उत्तरायण म्हणजे देवांचा दिवस, असे त्या लहानपणापासून कीर्तनांत ऐकत आल्या आहेत. आणि लोकमान्यांच्या मते देवांचा दिवस म्हणजे उत्तर ध्रुवावरील सहा महिन्यांचा दिवस, असे मी या लेखमालेत लिहिले आहे. तर मग गड्ड्याच्या यात्रेत आपण होम मैदानावर जमतो त्या दिवशी ध्रुवावर उजाडते काय?

ज्या गावातून दाते पंचांग महाराष्ट्राच्या घराघरांत जाते, त्या गावातून हा प्रश्न यावा हे उचितच आहे. उत्तर असे की, उजाडत नाही. ध्रुवावर सूर्य उगवतो तो वसंतसंपाताच्या सुमारास, म्हणजे मार्चच्या २०-२१ तारखेस, आणि मावळतो तो सप्टेंबरअखेर शरत्संपात उलटल्यावर. त्यामुळे जानेवारीच्या मध्यास आपल्याकडे तिळगूळ वाटला जात असतो तेव्हा ध्रुवावर ऐन मध्यरात्र नुकतीच कलती झालेली असते. आमच्या ज्योतिष्यांना हे ठाऊक नव्हते असे मात्र कोणी समजू नये. मेरूवरील देवांना सूर्य मेषारंभी उगवलेला दिसतो व तो अर्धे वर्ष दिसत राहतो, असे सूर्यसिद्धान्तात स्वच्छ सांगितले आहे. आणि संहिताकार तर उत्तरायणालाच देवांचा दिवस म्हणतात, हा तीन महिन्यांच्या तफावतीचा मुद्दा भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० साली, सिद्धान्तशिरोमणीत हाताळलाही आहे. त्यांची तोड मोठी समंजस आहे: सूर्याचे तोंड दिवसाकडे वळले की रात्र शिल्लक असतानाही त्याला दिवस म्हणावयाचे, ही फले सांगणाऱ्या संहिताकारांची सोय आहे, गणिताचा तो सिद्धान्त नव्हे. टिळकांना ही तोड अपुरी वाटली. १८९३ च्या ‘ओरायन’मध्येच त्यांनी असे प्रतिपादन केले होते की, देवयान हा शब्द मूळचा सूर्य विषुववृत्ताच्या उत्तरेस असतो त्या सहामाहीला लागू होता, म्हणजे संपातापासून संपातापर्यंत, आणि पुढे वर्षारंभ अयनबिंदूकडे सरकल्यावर जुने नाव नव्या सहामाहीला चिकटून राहिले. हे मान्य केले तर बाईंची शंका फिटते, आणि मान्य न केले तर भास्कराचार्य आहेतच.

आता ज्या गृहस्थाची गाठ घालून देण्याची संधी मी पहिल्या लेखांकापासून शोधीत होतो, त्याच्याकडे वळतो. विल्यम फेअरफील्ड वॉरन हे मेथडिस्ट पंथाचे धर्मशास्त्री, बोस्टन विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष; त्यांनी १८८५ साली एक जाडजूड ग्रंथ लिहून असे सिद्ध करण्याचा घाट घातला की, बायबलातील एदन बाग युफ्रेटीसच्या काठी नव्हती की आर्मेनियाच्या डोंगरांतही नव्हती, ती होती थेट उत्तर ध्रुवावर, आणि नोहाच्या प्रलयात ती भूमीच समुद्राच्या तळाशी गेली. स्वित्झर्लंडच्या ओस्वाल्ड हेअर या शास्त्रज्ञाने ग्रीनलंड आणि स्पिट्सबर्गन येथील खडकांतून उष्ण हवेतील झाडांची अश्मीभूत पाने ओळखून काढली होती. ध्रुवप्रदेश एके काळी बर्फाळ नव्हता, एवढा दाखला वॉरनना पुरेसा होता. त्याच्या जोडीला त्यांनी जगातील यच्चयावत् पुराणे साक्षीला उभी केली, त्यांत आमचा मेरूही आला. बागेच्या मध्यभागी असलेला वृक्ष म्हणजे पृथ्वीचा आस, मेरू म्हणजे तोच आस, नॉर्स लोकांचा अश्वत्थासारखा विश्ववृक्ष म्हणजेही तोच. उभे असे जे जे काही सापडेल ते वॉरनच्या दप्तरी आसाच्याच नावे जमा होते.

ही पद्धती किती निसरडी आहे हे सोलापूरकरांना वेगळे सांगण्याचे कारण नाही. वॉरनसाहेब संक्रांतीला आमच्या गावी येते, तर अक्षता-सोहळ्यासाठी संमती कट्ट्याकडे निघालेले सात नंदीध्वज पाहून, त्या गगनाला भिडणाऱ्या, बाशिंगे बांधलेल्या काठ्यांतही त्यांनी ध्रुवाचा आस ओळखला असता आणि तळटीप देऊन मोकळे झाले असते. परंतु सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी लग्न लावून घेणाऱ्या कुंभारकन्येची कथा त्या काठीमागे उभी आहे, तैलाभिषेकासाठी अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा आहे, काठी पेलणाऱ्या मानकऱ्याची कमर आणि त्याचा घाम आहे. आणि काठीला आस म्हटल्याबरोबर हे सगळे जमाखर्चातून वगळले जाते. वॉरनचा ग्रंथ मी प्रेमाने वाचतो. ज्या पृष्ठावर तो एखाद्या खांबाला हात घालतो तेथे मात्र सावध होतो.

टिळकांनी वॉरनचे ऋण लपविले नाही, आणि पुढे वॉरननीही टिळकांच्या ग्रंथाचे मोकळ्या मनाने स्वागत केले. १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात अठरा महिन्यांची सजा झाल्यावर येरवड्याच्या तुरुंगात मॅक्सम्युल्लरने पाठविलेली ऋग्वेदाची प्रत टिळकांच्या हाती आली, आणि १९०३ साली ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’ छापून निघाले. एका ख्रिस्ती धर्मशास्त्र्याने आदमाचे घर शोधण्यासाठी आखलेला नकाशा एका चित्पावन कायदेपंडिताने आर्यांच्या घरासाठी वापरावा, हा योग विलक्षण खराच. परंतु या दोघांची कामाची रीत मुळातच निराळी होती, आणि या लेखांकात मला सांगावयाचे आहे ते हेच. वॉरन प्रतीके गोळा करतो. टिळक तास मोजतात.

उदाहरणार्थ आश्विनशस्त्र घ्या. अतिरात्र यागात होत्याने सूर्योदयापूर्वी अश्विनीदेवांप्रीत्यर्थ हजार ऋचांचे शंसन करावयाचे, असे ऐतरेय ब्राह्मण सांगते. आणि शंसन संपूनही सूर्य उगवला नाही तर पुढे काय करावे, याचीही तजवीज सूत्रकारांनी करून ठेवली आहे. टिळक विचारतात की, ही धास्ती कोणाला पडेल? सिद्धेश्वर तलावाच्या कट्ट्यावर मोकळ्या पूर्वेकडे तोंड करून जो कोणी पहाटे बसला असेल त्याला ठाऊक आहे की, भुईकोटाच्या तटाची कड अंधारातून वेगळी होऊ लागते तेथपासून बिंब वर येईपर्यंत आपल्या सोलापुरात फार तर सव्वा तास जातो. सव्वा तासाची सेकंदे साडेचार हजार. म्हणजे एका ऋचेच्या वाट्यास साडेचार सेकंद. चव्वेचाळीस अक्षरांचा त्रिष्टुभ् साडेचार सेकंदांत सस्वर म्हणणारा वैदिक कोणास आढळल्यास त्याने मला अवश्य कळवावे. उलट ध्रुवावर क्षितिजाच्या कडेने चाकासारखी फिरणारी उषा कित्येक आठवडे टिकते, तेथे हजार काय नि दहा हजार काय! तैत्तिरीय संहितेतील तीस उषाभगिनी, सूर्योदयापूर्वी पुष्कळ दिवस लोटले असे म्हणणारी ऋग्वेदातील ऋचा, दहा महिन्यांत आटोपणारे गवामयनसत्र, दहाव्या युगात म्हातारा झालेला दीर्घतमा, आणि अवेस्तातील यिमाचा तो कोट, जेथे वर्ष हा एक दिवस भासतो, हे सर्व दाखले टिळक याच तराजूत घालतात. यिमाला अहुरमज्द जी सूचना देतो ती नोहाला मिळालेल्या सूचनेच्या फार जवळची आहे: माणसांचे, गुरांचे, वनस्पतींचे उत्तम बीज आत घे, कारण संकट येत आहे. फरक एवढाच की यिमावर पाणी नाही, हिवाळा कोसळतो.

टिळकांचे वकीलपत्र मी घेतलेले नाही, म्हणून प्रतिपक्षाचेही सांगतो. यास्काने अश्विनांचा काळ मध्यरात्रीनंतरचा धरला आहे. मध्यरात्री शंसनास आरंभ केला तर सहा तास हाती येतात आणि प्रत्येक ऋचेस एकवीस सेकंदांहून अधिक अवकाश मिळतो. म्हणजे आमच्याच अक्षांशावर होत्याचे काम आरामात भागते. सायणाचार्यांना तीस उषा म्हणजे महिन्याच्या तीस सकाळी वाटतात. आणि पृथ्वी गोल आहे एवढे समजलेला गणिती अंगणात बसून ध्रुवावरचा सहामाही दिवस काढू शकतो, त्यासाठी त्याच्या खापरपणज्याने तेथे राहून आलेले असण्याची गरज नाही. म्हणून सूर्यसिद्धान्ताची साक्ष या खटल्यात बाद समजावी. तैत्तिरीय ब्राह्मणातील देवांच्या अहोरात्राची साक्ष मात्र इतक्या सहज बाद होत नाही, हे मी प्रांजळपणे नमूद करतो.

भूगोलाने मात्र वॉरन आणि टिळक या दोघांनाही दगा दिला. १८९३ ते १८९६ या काळात नान्सेनचे ‘फ्राम’ जहाज बर्फात अडकून ध्रुवसमुद्रातून वाहत गेले, तेव्हा दोरी सोडून पाहता तीन हजार मीटरांहून खोल पाणी लागले. तेथे बुडालेली बाग नव्हती, समुद्रच होता. हेअरने ओळखलेली पाने मनुष्यजात जन्मण्याच्या कोट्यवधी वर्षे आधीची ठरली. टिळकांची आदिभूमी इ. स. पूर्वी १०००० ते ८००० च्या दरम्यान हिमाने नष्ट होते. आजचे भूशास्त्र सांगते की, सुमारे ११७०० वर्षांपूर्वी हिमयुग संपून हवा उबदारच होत गेली. ज्या सुमारास टिळकांना कडाका हवा होता, नेमका त्याच सुमारास बर्फ वितळत होता.

टिळकांना पुण्यातूनच झालेला विरोध तर याहून मनोरंजक आहे. नारायण भवानराव पावगी यांनी १९१५ साली ग्रंथ लिहून आर्यांचे मूळ घर सप्तसिंधूंच्या प्रदेशात नेमले. परंतु टिळकांनी जमविलेले ध्रुवीय दाखले त्यांनी फेकून दिले नाहीत. पावगींच्या मते आर्य येथून वसाहती करीत ध्रुवप्रदेशापर्यंत गेले, तेथील दीर्घ उषा त्यांनी पाहिली, आणि हिमप्रलय होताच ते माघारी स्वगृही आले! म्हणजे त्याच उषा, तेच अवेस्ताचे प्रकरण, तेच दहा महिन्यांचे सत्र. प्रवासाची दिशा तेवढी उलटी. एकाच कागदपत्रावर वादी आणि प्रतिवादी दोघांनाही हुकूमनामा मिळू लागला, तर कागद खोटा ठरत नाही, परंतु त्याच्या जोरावर घराचा ताबा कोणाला देता येत नाही.

वॉरनच्या बायबलापासून निघालेले टिळक १९१७ साली पुन्हा बायबलाच्या उंबरठ्यावर येऊन उभे राहिले. भांडारकर गौरवग्रंथातील आपल्या निबंधात त्यांनी अथर्ववेदातील तैमात या सर्पाचे नाते बाबिलोनच्या तियामतशी जोडले, आणि त्या तियामतचा धागा उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील आदिजलापर्यंत जातो. तो निबंध मी पुढेमागे स्वतंत्रपणे घेणार आहेच. तोवर ज्यांच्या संग्रही अथर्ववेद असेल त्यांनी पाचव्या कांडातील तेरावे सूक्त, विष उतरविण्याचे, एकवार नजरेखालून घालावे, आणि त्यातील आलिगी, विलिगी व उरुगूला ही नावे वहीत टिपून ठेवावीत.