पारपत्राविना प्रवास : कुंभकोणमचा मुक्काम घड्याळ पाहून आखावा

तमिळनाडूतील कुंभकोणमपासून तिरुनळ्ळारचे प्रसिद्ध शनिमंदिर सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. सकाळी बसने निघालेला भाविक दीड-दोन तासांत तेथे पोहोचतो आणि वाटेत कोणी त्याची कागदपत्रे मागत नाही. १९५४ पूर्वी मात्र हाच प्रवास म्हणजे परक्या देशाच्या हद्दीत शिरणे होते. तिरुनळ्ळार कारैकल प्रदेशात येते आणि कारैकल १७३९ मध्ये फ्रेंचांच्या हाती गेले होते. १ नोव्हेंबर १९५४ रोजी त्याचा प्रत्यक्ष ताबा भारताकडे आला. कायदेशीर हस्तांतर १६ ऑगस्ट १९६२ रोजी पूर्ण झाले. आजही हा भाग तमिळनाडूत नसून पुदुच्चेरी केंद्रशासित प्रदेशात मोडतो. कारैकलच्या उत्तरेला समुद्रकाठी तरंगंबाडी आहे. तेथे १६२० पासून डेन्मार्कची वसाहत होती व १८४५ मध्ये ती इंग्रजांना विकली गेली. डॅन्सबर्ग हा डॅनिशांचा किल्ला आजही लाटांसमोर उभा आहे. कारैकल व तरंगंबाडी एका दिवसात पाहता येतात, आणि पारपत्र न काढता युरोपातील दोन सत्तांच्या खुणा डोळ्यांखालून जातात.

पारपत्र लागत नाही म्हणजे कोणताच कागद लागत नाही, असे मात्र नव्हे. आरक्षित रेल्वे प्रवासात मूळ ओळखपत्र जवळ असावे लागते. अरुणाचल प्रदेश, नागालँड, मिझोराम आणि डिसेंबर २०१९ पासून मणिपूर येथे जाण्यासाठी भारतीय नागरिकांनाही अंतर्गत परवाना घ्यावा लागतो. उलट नेपाळ व भूतान हे परदेश असूनही तेथे मतदार ओळखपत्र चालते. कुंभकोणमला यापैकी कसलीच अडचण नाही. तेथे आखणी करावी लागते ती वेळेची.

महाराष्ट्रातून जाणारे बरेच पर्यटक तंजावरला मुक्काम करून कुंभकोणमसाठी अर्धा दिवस राखतात. हा हिशेब बहुधा फसतो. या भागातील बहुतेक मंदिरे पहाटे उघडतात, दुपारी बाराच्या सुमारास बंद होतात आणि चारनंतर पुन्हा उघडतात. सकाळी सावकाश निघून साडेअकराला पोहोचलेल्या कुटुंबाला आदिकुंभेश्वर मिळाला तर सारंगपाणी हुकतो. पुढचे चार तास उन्हात बंद दारांसमोर काढावे लागतात. दोन्ही शहरांतील अंतर सुमारे चाळीस किलोमीटर आहे. तेव्हा मुक्काम कुंभकोणमला करून तंजावरला एक दिवस जाऊन येणे अधिक सोयीचे. युनेस्कोच्या यादीतील चोळांची तिन्ही महामंदिरे येथून गाठता येतात: तंजावरचे बृहदीश्वर (१९८७ मध्ये समाविष्ट), गंगैकोंडचोळपुरम आणि शहराला लागूनच असलेले दारासुरमचे ऐरावतेश्वर (दोन्ही २००४ मध्ये). बाराव्या शतकात दुसऱ्या राजराजाने बांधलेले ऐरावतेश्वर आकाराने या तिघांत लहान आहे. पण तेथील शिल्पे इतकी बारीक कोरलेली आहेत की घाईत पाहून काहीच हाती लागत नाही.

दुपारचे रिकामे तास वाया जाण्याचे कारण नाही. जवळच्या स्वामीमलै येथे ओतीव मूर्तींचे कारखाने आहेत. मेणाची मूर्ती घडवायची, तिच्यावर कावेरीच्या गाळमातीचे लेप चढवायचे, तापवून मेण बाहेर काढायचे आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा, ही चोळकालीन पद्धत तेथे अजून चालते. साचा फोडल्याशिवाय मूर्ती बाहेर येत नाही, म्हणून प्रत्येक मूर्ती एकटीच असते. चार वाजता तेथील मुरुगनाच्या मंदिराच्या पायऱ्या चढाव्यात. त्या साठ आहेत, साठ संवत्सरांच्या नावाच्या. पंचांग जाणणाऱ्या मराठी माणसाला त्यांची ओळख करून द्यावी लागणार नाही. गावात सारंगपाणी मंदिरासमोरच्या रस्त्यावर गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे बालपणीचे छोटेसे घर जपलेले आहे. पितळी पेल्यातली कुंभकोणमची कॉफी ही दुपारची आणखी एक सोय.

मराठी प्रवाशाला या परिसरात आपली माणसेही भेटतात. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतले आणि १८५५ पर्यंत तेथे भोसल्यांचे राज्य राहिले. व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांनी कुंभकोणमजवळचे तिरुविसनल्लूर हे गाव १६९३ मध्ये विद्वानांना अग्रहार म्हणून दिले. जवळच्या गोविंदपुरम येथे आता विठ्ठल-रुक्मिणीचे मोठे मंदिर उभे राहिले आहे. या भागातील नामसंकीर्तनात तमिळ गायक मराठी अभंग गातात, आणि ते पाहुण्यांसाठी नव्हे, परंपरेने. सयाजीराव गायकवाडांच्या लहानपणी बडोद्याचा कारभार सांभाळणारे दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणमलाच, तंजावरी मराठी कुटुंबात झाला. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातील १८०३ चा भोसले घराण्याचा दीर्घ मराठी शिलालेख आणि सरस्वती महाल ग्रंथालय यांच्यासाठी तंजावरच्या दिवसातले दोन तास तरी वेगळे काढावेत.

मुंबई-पुण्याहून चेन्नई गाठून पुढे कुंभकोणमची गाडी धरणे हा रुळलेला मार्ग. दक्षिणेकडील गाड्या साधारणतः एग्मोर स्थानकातून सुटतात आणि मुंबईच्या सर्व गाड्या तेथे जात नाहीत. तिकीट काढताना स्थानकाचे नाव पाहून मधला वेळ ठेवावा. विमानाने जाणाऱ्यांना तिरुचिरापल्ली जवळ पडते. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी मिळते, हे जुन्या सवयीच्या प्रवाशांनी ध्यानात घ्यावे. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तेथला खरा पावसाळा आहे. आपल्याकडील दिवाळीची सुट्टी नेमकी त्यात सापडते. जानेवारी-फेब्रुवारी सर्वांत सुखाचे.

यापुढील आखणीत २०२८ हे वर्ष मात्र वेगळे धरावे लागेल. गुरू सिंह राशीत असताना, तमिळ मासी महिन्यातील पौर्णिमेच्या सुमारास मघा नक्षत्रावर कुंभकोणमच्या महामहम सरोवरात स्नानाचा मोठा सोहळा होतो. नाशिकचा सिंहस्थ ज्या गुरूमुळे येतो, त्याच गुरूमुळे हाही बारा वर्षांनी येतो. २०१६ नंतरचा सोहळा फेब्रुवारी-मार्च २०२८ मध्ये आहे. सरोवर शहराच्या मधोमध असून त्याच्या काठी सोळा मंडप आहेत. भोवतालचे रस्ते लाखोंच्या गर्दीला पुरणारे नाहीत. १८ फेब्रुवारी १९९२ रोजी येथील चेंगराचेंगरीत सुमारे पन्नास भाविक मृत्युमुखी पडले. ज्यांना स्नानाचे पुण्य हवे आहे त्यांनी निवासाची व्यवस्था बरीच आधी करावी आणि लहान मुले व वृद्धांना मुख्य दिवशी सरोवराकडे नेऊ नये. ज्यांना केवळ शहर पाहायचे आहे त्यांनी तो महिना सोडून द्यावा. मासी मघाचे स्नान लहान प्रमाणावर दरवर्षी होते, आणि तेव्हा काठच्या पायरीवर बसायला जागा मिळू शकते.