मेंढ्यांच्या ‘ब्लूटंग’चा बहुरूपी विषाणू

ब्लूटंग म्हणजे निळी जीभ. या रोगात मेंढीला ताप येतो, तोंड सुजते, लाळ गळते, ती लंगडते. काही वेळा जीभ निळसर पडते. क्युलिकॉइडिस जातीची बारीक चिलटे चावल्याने तो पसरतो. भारतात त्याची पहिली नोंद 1964 मध्ये महाराष्ट्रातूनच झाली.

या विषाणूचा जनुकसंच आरएनएच्या 10 वेगळ्या तुकड्यांचा असतो. नक्कल होताना आरएनएत चुका राहतात, त्यातून बारीक बदल साचत जातात. मोठी उलथापालथ मात्र वेगळ्याच वाटेने होते. एकाच मेंढीत किंवा चिलटात दोन प्रकारचे विषाणू शिरले, तर पत्ते पिसावेत तसे त्यांचे तुकडे मिसळतात आणि नवे वाण जन्मते. विषाणूचा प्रकार मुख्यतः दुसऱ्या तुकड्यावरून ठरतो. असे 24 हून अधिक प्रकार ज्ञात आहेत. 2006 मध्ये आठव्या प्रकाराने उत्तर युरोप गाठला, तर 2023 मध्ये तिसऱ्याने नेदरलँड्समध्ये कळप आजारी पाडले.

एका प्रकाराची लस दुसऱ्यावर फारशी चालत नाही. म्हणून भारतीय लशीत पाच प्रकार एकत्र आहेत. पावसाळ्याआधी मेंढपाळांनी पशुवैद्यकीय दवाखान्यात लसीकरणाची चौकशी करावी.