दाणे सोलून देऊ नका: पोपट स्वतःचीच पिसं का उपटतो?

 

आजचा विषय पोपटाचा आहे, पण फार गोड नाही. पिंजऱ्याच्या तळाशी रोज पिसं दिसतात, छातीवर टक्कल पडत चाललंय, आणि नीट बघावं तर पठ्ठ्या स्वतःच चोचीत पीस धरून ओढतोय. घरचे म्हणतात, "खोड लागलीये त्याला." दुकानदार म्हणतो, "हा स्प्रे मारा." आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे काका म्हणतात, "हळद-तेल लावा."

थांबा. यातलं काहीही करण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करू. पिसं उपटणं ही खोड नाही, आणि तो एकच एक आजारही नाही. ते तापासारखं आहे. ताप आला की आपण विचारतो, कशामुळे आला? इथेही तेच विचारायचं. फक्त क्रम चुकवायचा नाही.

पहिला प्रश्न: झडतायत की उपटतोय?

पिसं झडणं नैसर्गिक आहे. जुनी पिसं थोडी थोडी गळतात, त्यांच्या जागी बारीक काट्यांसारखी नवी पिसं येतात. त्यात टक्कल पडत नाही. उपटण्यात मात्र उघडी कातडी दिसते, पिसांच्या कडा कुरतडलेल्या असतात, कधी दांडा मधोमध चावलेला असतो. वाढत्या पिसाच्या दांड्यात रक्त असतं. ते पीस तुटलं की रक्त येतं, आणि इवल्याशा पक्ष्यासाठी ते थोडंसं रक्तही थोडं नसतं.

आता एक सोपी खूण. पोपटाचं डोकं बघा. त्याची चोच स्वतःच्या डोक्यापर्यंत पोचत नाही. त्यामुळे अंगभर टक्कल आणि डोकं मात्र भरगच्च, म्हणजे काम बहुधा त्याचंच. डोक्यावरचीही पिसं गेली असतील, तर पिंजऱ्यातला जोडीदार ती उपटतोय किंवा आतून काही आजार आहे.

दुसरा प्रश्न: शरीरात काही बिघडलंय का?

"बोअर होतोय बिचारा" असं म्हणून थेट खेळणी आणायला धावू नका. आधी पक्ष्यांवर उपचार करणारे पशुवैद्य गाठा. कारणं बरीच असतात: त्वचेचा संसर्ग, पोटातले परजीवी, यकृताचा आजार, पिसं आणि चोच खराब करणारा विषाणू. गॅल्व्हनाइज्ड जाळी किंवा स्वस्तातली घंटा चावून जस्त नाहीतर शिसं पोटात गेलेलं असू शकतं. वर्षानुवर्षं फक्त सूर्यफुलाच्या बिया खाणाऱ्या पोपटात अ जीवनसत्त्व कमी पडतं, त्यानं कातडी खराब होते. घरात कोणी सिगरेट ओढत असेल तर तो धूरही पिसांवर बसतो. हो, बाल्कनीत ओढली तरी हातावर राहतोच.

इथे तुमचा फोन कामी येतो. डॉक्टरांसमोर पोपट गप्प बसतो, तिथे काहीच दाखवत नाही. म्हणून घरीच व्हिडिओ घ्या. कधी उपटतो, सकाळी की रात्री? कोणी घरात असताना की नसताना? पिंजऱ्याचा फोटो, आठवडाभराच्या खाण्याची यादी, रोजच्या विष्ठेचा फोटो, सगळं सोबत न्या. निम्मं निदान त्यातूनच पुढे सरकतं.

तिसरा प्रश्न: त्याचा दिवस कसा जातो?

तपासणीत काही सापडलं नाही, किंवा सापडलं, बरं झालं, तरी उपटणं थांबलं नाही. मग आपण ताणाकडे वळतो.

रानातला पोपट दिवसाचे कित्येक तास खाणं शोधण्यात घालवतो. उडायचं, झाड निवडायचं, कवच फोडायचं, गर काढायचा, टरफल टाकायचं, आणि हे सगळं थव्याबरोबर, आरडाओरडा करत. आपल्या घरात काय होतं? सकाळी वाटीभर दाणे. दहा मिनिटांत जेवण संपलं. उरलेला दिवस समोर भिंत. चोच आहे, मेंदू आहे, वेळ आहे, आणि सोलायला हाताशी एकच गोष्ट आहे: स्वतःचं अंग.

हे नुसतं भावनिक बोलणं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २००३ मध्ये तरुण अ‍ॅमेझॉन पोपटांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला खाणं शोधून, फोडून, उघडून मिळवावं लागायचं, शिवाय चढायला-झुलायला सामान होतं. दुसऱ्या गटाचे पिंजरे साधे. ४८ आठवड्यांत पहिल्या गटाची पिसं चांगली राहिली, दुसऱ्याची बिघडत गेली. मग त्या दुसऱ्या गटालाही तेच सामान दिलं, तर त्यांची पिसं सुधारली.

२०२१ मध्ये आणखी एक अभ्यास आला, पन्नासेक जातींच्या पाळीव पोपटांचा. ज्या जातींना निसर्गात खाणं मिळवायला जास्त खटपट करावी लागते, त्याच जाती पिंजऱ्यात पिसांची जास्त नासधूस करतात, असं त्यात दिसलं. म्हणजे पोट भरलं तरी खटपटीची भूक उरतेच. आपण प्रेमानं डाळिंब सोलून देतो, मटार सोलून देतो. त्या प्रेमापोटी आपण त्याची नोकरीच काढून घेतो.

मग करायचं काय?

एक. खाणं मिळवायला लावा. मटारची शेंग अख्खी द्या. मक्याचं कणीस टांगा. डाळिंबाची फोड दाण्यांसकट द्या. दाणे कोऱ्या कागदात गुंडाळा, पानांच्या द्रोणात झाका. सुरुवात सोपी ठेवा, नाहीतर तो उपाशी राहील. काही पोपट, विशेषतः आफ्रिकन ग्रे, नव्या वस्तूला घाबरतात. ती आधी दोन-तीन दिवस पिंजऱ्याबाहेर, त्याला दिसेल अशी ठेवा.

दोन. चावायला द्या. फवारणी न केलेल्या पेरूच्या किंवा कडुलिंबाच्या फांद्या धुऊन लावा. त्या कुरतडून भुगा झाला तर चिडू नका, तेच हवं होतं.

तीन. झोप. दहा-बारा तास अंधार आणि शांतता. हॉलमध्ये बारापर्यंत टीव्ही चालतो, आणि पोपट तिथेच? मग त्याची झोप तुमच्या वेब सिरीजइतकीच उरते.

चार. आंघोळ. हलका पाण्याचा फवारा किंवा उथळ ताटली, सकाळी, म्हणजे दिवसा वाळेल. एसीच्या कोरड्या हवेत तर हवंच.

पाच. जागा. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला टेकलेली असू द्या. चारही बाजू उघड्या, खिडकीबाहेर घारी, मांजर समोरून फिरतंय, अशा जागी तो सतत दचकत राहतो. आणि स्वयंपाकघरात तर नकोच. नॉनस्टिक भांडं जास्त तापलं की त्याच्या वाफेनं पक्षी काही मिनिटांत दगावू शकतो.

सहा. कुरवाळणं फक्त डोक्यावर आणि मानेवर. पाठीवर आणि पंखांखाली हात फिरवला की त्याला ते जोडीदाराचं वागणं वाटतं. मग वैताग वाढतो, आणि तोही पिसांवर निघू शकतो.

सात, आणि हे सगळ्यात अवघड. तो उपटायला लागला की धावत जाऊन "ए मिठू, नको!" ओरडू नका. एकट्या पक्ष्यासाठी ओरडणं हीसुद्धा सोबतच आहे. त्याला कळतं, पीस ओढलं की माणूस येतो. तो खेळत असताना, खात असताना, गप्पा मारत असताना जवळ जा. लक्ष त्या वेळी द्या.

काय टाळायचं?

तेल लावू नका. पिसं चिकटतात, ऊब धरून ठेवत नाहीत, आणि चोचीनं साफ करताना ते तेल पोटात जातं. कडू स्प्रे, गळ्यातली कॉलर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही. आणि घाईनं दुसरा पोपट आणू नका. पहिल्याला विषाणू असेल तर दोघांनाही होईल, आणि पटलं नाही तर एकाच्या जागी दोन टकले.

किती दिवसांत फरक पडेल? आठवडे नाही, महिने धरा. दर रविवारी त्याच जागी, त्याच उजेडात एक फोटो काढा. रोज बघून फरक कळत नाही, फोटोंत कळतो. फार वर्षं उपटलं असेल तर पिसाचं मूळच खराब होतं आणि तिथे पीस पुन्हा येत नाही. म्हणून लवकर लक्ष देणं महत्त्वाचं. पण पिसं आली नाहीत तरी दिवस सुधारता येतो. टकला पण खेळकर पोपट हीसुद्धा जीतच आहे.

शेवटी, अजून पोपट आणला नसेल त्यांच्यासाठी. आपला हिरवा कंठवाला पोपट आणि पहाडी पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. घरात असेल तर गच्चीवरून सोडून देऊ नका, पिसं गेलेला पक्षी उडू शकत नाही. महाराष्ट्रात असाल तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. आफ्रिकन ग्रे, काकाकुवा, मकाव यांसारख्या परदेशी पक्ष्यांची २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. आणि आफ्रिकन ग्रे चाळीसेक वर्षं सहज जगू शकतो. तुमची नोकरी, लग्न, बदललेली शहरं, सगळं तो बघणार. तेवढी वर्षं रोज त्याच्यासाठी एक नवीन शेंग, एक नवीन फांदी आणि एक तास काढता येणार असेल, तरच आणा.

आज घरी गेलात की एवढंच करा. वाटीतले निम्मे दाणे काढा आणि कागदात गुंडाळून ठेवा. मग शांत बसून बघा तो काय करतो. व्हिडिओ काढलात तर आम्हाला जरूर पाठवा.