मागच्या आसनावरील पट्टा

हर्सूलहून घाटी रुग्णालयात तपासणीसाठी निघताना घरातील ज्येष्ठांना आपण मोटारीत मागे बसवतो, पाठीशी उशी देतो, औषधांची पिशवी हाती देतो. पट्टा मात्र लावायचा राहतो. ‘जवळच तर जायचे आहे’ आणि ‘मागे बसल्यावर कशाला हवा?’ हे दोन्ही समज घातक आहेत.

कुर्ल्याच्या कारखान्यातील प्रीमियर पद्मिनी आपल्यापैकी अनेकांनी अनुभवली असेल. तिच्यात वायुपिशवी, म्हणजे एअरबॅग, नव्हती. त्यानंतर मोटारी पुष्कळ सुधारल्या. खांदा व कंबर दोन्ही धरणारा पट्टा व्होल्वो कंपनीचे अभियंते निल्स बोलीन यांनी १९५९ मध्ये सिद्ध केला. भारतात १९९४ पासून पुढच्या आसनांना पट्टे बंधनकारक झाले. जुलै २०१९ पासून चालकासाठी वायुपिशवी आवश्यक ठरली आणि २०२३ मध्ये मोटारींना सुरक्षिततेचे तारे देणारी ‘भारत एनकॅप’ चाचणी सुरू झाली.

तरीही ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले. मोटार आधुनिक होती. पण मागे बसलेल्या दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. त्या दोघांचाही मृत्यू झाला. पुढे बसलेले दोघे वाचले.

मोटार अचानक थांबली तरी पट्टा न लावलेले शरीर आधीच्याच वेगाने पुढे जाते आणि समोरच्या आसनावर आदळते. उतारवयात हाडे ठिसूळ झालेली असतात. तरुणाला जेथे केवळ मुका मार बसतो, तेथे वृद्धाची बरगडी मोडू शकते.

म्हणून निघण्यापूर्वी एवढे पाहावे. कमरेचा पट्टा पोटावरून नव्हे, तर खाली नितंबाच्या हाडांवरून घ्यावा. वरचा पट्टा खांद्याच्या मध्यावरून व छातीवरून जावा. तो काखेखालून घेऊ नये. जाड शाल वा स्वेटर पट्ट्याखाली नसावा. डोक्यामागचा आधार किमान कानांच्या उंचीपर्यंत असावा. पुढे बसणाऱ्यांनी आसन शक्य तितके मागे सरकवावे. पेसमेकर असल्यास किंवा पोटाची शस्त्रक्रिया झाली असल्यास पट्टा टाळू नये. तो कसा घ्यावा, हे डॉक्टरांना विचारावे. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर डोक्याला लागलेला किरकोळ मारही त्याच दिवशी दाखवावा.

मोटार कितीही सुधारली, तरी पट्टा माणसालाच लावावा लागतो. थरथरत्या हातांना खटका सापडत नसेल, तर तो आपण लावून द्यावा आणि मगच गाडी सुरू करावी.