प्लगवाली मोटार आणि तात्यांची ग्रॅच्युइटी



काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. रविवारची बुद्धवंदना आटोपून विहाराबाहेर चपला शोधत होतो. तेवढ्यात आमच्या वस्तीतला एक तरुण मोबाईल पुढे करून म्हणाला, "काका, तुम्ही बी.कॉम. झालाय. एवढा हिशेब करून द्या. पप्पांना माझं पटत नाही." मोबाईलवर एका काळ्याभोर मोटारीचा फोटो होता. परदेशी बनावटीची, सात वर्षे वापरलेली, उंच, रुंद, चकचकीत. नवी होती तेव्हा कोटीच्या घरातली. दलाल चोवीस लाखांना देतो म्हणत होता. "पेट्रोलवर पण चालते आणि प्लग लावून चार्ज पण होते. खर्चच नाही काका!"

त्याचे वडील, ज्यांना सारी वस्ती तात्या म्हणते, सफाई खात्यातून निवृत्त झाले. पस्तीस वर्षे झाडू मारला. ग्रॅच्युइटी, फंड आणि रजेचे पैसे मिळून सत्तावीस लाख हाती आले. त्यातले दहा लाख पोराने मागितले होते. उरलेल्या चौदा लाखांचे कर्ज काढायचे होते. लग्नाच्या वरातींना आणि पुढाऱ्यांच्या दौऱ्यांना गाडी भाड्याने द्यायची, असा बेत होता. मी त्याला म्हटले, "दोन दिवस दे." तो हिशेब आज तुमच्यापुढेही मांडतो, कारण असा फोटो घेऊन फिरणारा मुलगा आज बऱ्याच घरांत आहे.

आधी ही मोटार काय चीज आहे ते सांगतो. हिला 'प्लग-इन हायब्रीड' म्हणतात. एकाच मोटारीत पेट्रोलचे इंजिनही असते आणि विजेची मोटर व बॅटरीही. बॅटरी घरच्या विजेवर भरायची. ती संपली की पेट्रोल सुरू. उदाहरणार्थ, व्होल्वो कंपनीची 'एक्ससी 90 टी8' ही 2016 साली भारतात आली तेव्हा तिची किंमत सव्वा कोटी होती. तिची बॅटरी 9.2 युनिटांची आणि कंपनीचा दावा चाळीसेक किलोमीटरचा. पुढच्या मोटारींच्या बॅटऱ्या मोठ्या झाल्या. डिसेंबर 2022 मध्ये बीएमडब्ल्यूने 'एक्सएम' आणली. किंमत दोन कोटी साठ लाख, तीही शोरूममधली. वजन पावणेतीन टनांच्या आसपास, इंजिन आठ सिलिंडरचे. कागदावर मात्र लिटरला साठाहून अधिक किलोमीटर!

आता आठ सिलिंडरची एवढी अवजड मोटार लिटरला साठ कशी देईल? आपली शंभर सीसीची मोटारसायकल कधीकधी देते तेवढे? देत नाही. ही आकडेवारी प्रयोगशाळेतल्या चाचणीची असते. मालक रोज इमानेइतबारे प्लग लावणार आणि बरेचसे अंतर विजेवरच काटणार, असे त्यात गृहीत धरलेले असते. युरोपीय आयोगाने रस्त्यावरच्या खऱ्या गाड्यांमधून माहिती गोळा केली आणि मार्च 2024 मध्ये अहवाल दिला. प्लग-इन हायब्रीड मोटारी प्रत्यक्षात कागदावरच्यापेक्षा सरासरी साडेतीनपट धूर सोडतात, असे त्यात निघाले. कारण साधे आहे. लोक प्लग लावतच नाहीत.

याचा पुरावा मला युरोपात शोधावा लागला नाही. माझा एक लांबचा भाचा कोरेगाव पार्कातल्या एका मालकाकडे अशाच मोटारीवर ड्रायव्हर आहे. त्याला विचारले, तर हसला. "मामा, केबलची पिशवी डिकीत आहे तशीच आहे. साहेब म्हणतात, पेट्रोल टाक. प्लगबिग कोण लावत बसतंय!" म्हणजे बॅटरीचे ओझे घेऊन मोटार पेट्रोल पीत हिंडते. दोन बैल जुंपायचे, त्यातला एक गाडीत बसवायचा आणि दुसऱ्याने दोघांना ओढायचे, असला हा प्रकार.

मग श्रीमंत माणूस ती घेतो कशाला? त्याचाही हिशेब असतो, आणि तो आपल्यापेक्षा पक्का असतो. मोटार बहुधा कंपनीच्या नावावर घेतली जाते. आयकरात मोटारीवर वर्षाला 15 टक्के घसारा मिळतो. दोन कोटी साठ लाखांवर पहिल्या पूर्ण वर्षाचा घसारा होतो 39 लाख. एवढी रक्कम नफ्यातून खर्च म्हणून वजा होते आणि तेवढ्यावरचा कर वाचतो. कर्जाचे व्याज, पेट्रोल, विमा, ड्रायव्हरचा पगार हेही धंद्याच्या खर्चात दाखवता येते. सप्टेंबर 2025 पर्यंत अशा मोठ्या हायब्रीड मोटारींवर 28 टक्के जीएसटी आणि वर 15 टक्के उपकर, असा 43 टक्के कर होता. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. म्हणजे तीन टक्के तिथेही सुटले.

तेच दोन कोटी साठ लाख मी दुसऱ्या तागडीत टाकून पाहिले. पी.एम.पी.एम.एल.ने 1 जून 2025 पासून भाडेवाढ केली. पाच रुपयांचे किमान तिकीट दहा रुपये झाले आणि नऊशेचा मासिक पास पंधराशे झाला. धुणीभांडी करणाऱ्या आपल्या बायाबापड्यांचे कंबरडे तिथेच मोडले. पंधराशेच्या भावाने एका 'एक्सएम'च्या पैशांत 1,444 माणसांना वर्षभर पास काढून देता येतो. विजेवरच चालायचे असेल, तर विजेची बस पुण्यात फेब्रुवारी 2019 पासून आहे. भेकराईनगर डेपोतून ती निघाली तेव्हा आपल्यातलेही कितीजण तिच्यात बसले! तिला रोज प्लग लागतो आणि तिच्यात पन्नास-साठ माणसे मावतात. केबलची पिशवी तिथे डिकीत पडून राहत नाही.

पुण्याच्या माणसाला महागड्या मोटारीबद्दल लिहिताना 19 मे 2024 ची पहाट टाळता येत नाही. कल्याणीनगरात एका आलिशान मोटारीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. ती हायब्रीड नव्हती, पूर्ण विजेची होती. विजेची म्हणून तिला रस्ता कर माफ. 1,758 रुपये शुल्क भरले नाही म्हणून तिची कायम नोंदणीच राहिलेली होती. कोटीच्या पुढची मोटार आणि सतराशे अठ्ठावन्न रुपये! मार्च 2025 च्या राज्य अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या विजेच्या मोटारींवर सहा टक्के कर सुचवला गेला होता. तो त्याच महिन्यात मागे घेण्यात आला. पासाचे वाढलेले सहाशे रुपये मात्र मागे घेतले गेले नाहीत.

हे सारे त्या पोराला सांगितले, तेव्हा तो गप्प ऐकत होता. शेवटी म्हणाला, "काका, ते सगळं बरोबर आहे. पण आपण कायम बसच्या रांगेतच उभं राहायचं का?"

वाचकहो, या प्रश्नाला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हते. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वाहन ही आपल्या समाजाच्या दृष्टीने नुसती सोयीची बाब कधीच नव्हती. 1901 च्या सुमारास बालवयातले बाबासाहेब भावंडांसह वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. मुले महारांची आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना घ्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले. गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे! पुढे 1929 साली चाळीसगावला तेच. बाबासाहेब तेव्हा बॅरिस्टर होते, तरी टांगेवाला त्यांचा टांगा हाकायला तयार झाला नाही. वस्तीतल्या एका नवशिक्या माणसाने टांगा हाकला, तो उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. आजही खेड्यापाड्यांतून आपला नवरदेव घोड्यावर बसला की काहींच्या पोटात दुखते. मोठ्या मोटारीतून वस्तीत शिरावे असे आपल्या पोराला वाटते, त्याच्या मागे हे सारे आहे. नुसता चैनीचा सोस म्हणून त्याला झिडकारणारा मी कोण?

म्हणून मी त्याला म्हटले, "चल, तुझ्या बाजूने हिशेब करू."

चौदा लाखांचे कर्ज, जुन्या मोटारीवर चौदा टक्के व्याज, पाच वर्षे मुदत. हप्ता साडेबत्तीस हजार. पाच वर्षांत व्याजच साडेपाच लाख. विमा वर्षाला साठ-सत्तर हजार धरला. अशा मोटारीचा एक टायर वीस हजारांच्या पुढे, असे चार. सर्व्हिसिंग धरून महिन्याला चव्वेचाळीस हजारांपर्यंत गेलो, तेही पेट्रोलचा थेंब न टाकता. पोराचा कुरिअर कंपनीतला पगार अठरा हजार.

आता बचत किती? तो मोटार रोज तीस किलोमीटर विजेवर चालवील असे धरले. अकरा युनिट वीज, दहा रुपये भावाने एकशेदहा रुपये. तेवढ्याच अंतराला पेट्रोल तीन लिटर, म्हणजे तीनशेवर. दिवसाला दोनशे रुपये वाचले. तीनशे दिवसांचे साठ हजार. वर्षभर इमानाने प्लग लावून जे वाचेल, ते एका विम्यातच गेले. आणि बॅटरी? कंपन्या तिची हमी बहुधा आठ वर्षे किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर, यांतले जे आधी होईल तेवढीच देतात. ही मोटार सात वर्षांची. हमी संपल्यावर बॅटरीने दगा दिला, तर खर्च लाखांत. नेमके याच वेळी पहिला मालक ती विकायला का काढतो, हे सांगायला बी.कॉम. लागत नाही.

भाड्याचे म्हणाल, तर तिथे बेत मुळातच बसत नव्हता. पांढऱ्या पाटीची खासगी मोटार भाड्याने लावणे मोटार वाहन कायद्यात बसत नाही. त्यासाठी परवाना आणि पिवळी पाटी लागते. तशात अपघात झाला, तर विमा कंपनी नुकसानभरपाईवर बोट ठेवते. दलालाने हे सांगितले नव्हते. "साहेब, सगळेच लावतात," एवढेच तो म्हणाला होता. असे 'सगळेच' अडकले की सुटतात. आपला मुलगा अडकला की कोर्टाच्या तारखा आणि तात्यांची पेन्शन.

या सगळ्या आकड्यांपेक्षा भारी प्रश्न त्या मुलाच्या आईने विचारला. चहाचा कप माझ्यापुढे ठेवत ताई म्हणाल्या, "भाऊ, ही गाडी रात्री उभी कुठं राहणार? आपल्या गल्लीत घंटागाडी वळत नाही. आणि वायर काय दुसऱ्या मजल्यावरून सोडायची?" मोटार जवळजवळ पाच मीटर लांब. चार घरांची दारे अडणार. दुसऱ्या मजल्यावरून वायर सोडली, तर पावसाळ्यात पोराटोरांच्या जिवाशी खेळ. पोरगा खाली मान घालून हसला. मला वाटते, तिथेच अर्धे काम झाले.

तथागतांनी दीघजाणू नावाच्या कोलिय गृहस्थाला केलेला उपदेश आपल्यापैकी अनेकांनी विहारात ऐकला असेल. दीघजाणू काही भिक्खू नव्हता. मुलाबाळांच्या गराड्यात राहणारा, चंदन लावणारा, पैसाअडका बाळगणारा संसारी माणूस. आमच्यासारख्यांनी सुखाने कसे राहावे, असे त्याने विचारले. तथागतांनी त्याला कष्टाने मिळवायला, मिळवलेले राखायला आणि चांगली संगत धरायला सांगितले. चौथी गोष्ट सांगितली ती बेताने जगण्याची. तराजू धरणाऱ्याला जसे कळते की कुठले पारडे किती खाली गेले, तसे आय आणि व्यय माणसाला कळले पाहिजेत. थोडी मिळकत असून थाटात जगणारा उंबर खाणाऱ्यासारखा असतो, असेही त्यात आहे. जाणकार त्याचा अर्थ सांगतात की मूठभर उंबरे खायची म्हणून सारे झाड हलवायचे आणि उरलेली मातीत टाकून निघून जायचे. पण त्याच उपदेशाची दुसरी बाजू आपण विसरतो. भरपूर मिळकत असून कवडीकवडी धरून उपाशी मरणारालाही तथागतांनी शहाणे म्हटलेले नाही. म्हणून पोराला चांगले वाहन नकोच, असे मी तात्यांना सांगितले नाही.

तात्या सगळे ऐकून एवढेच म्हणाले, "पस्तीस वर्षं मी लोकांच्या गाड्यांखालचा रस्ता झाडला. मला गाडीची हौस नाही असं कोण म्हणतं?"

त्यानंतर घरात पंधरा दिवस अबोला होता. मग एके दिवशी तिघे मिळून पोस्टात गेले. अठरा लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. ठेवले तेव्हा दर 8.2 टक्के होता, म्हणजे तीन महिन्यांना 36,900 रुपये. मुलीच्या नर्सिंगची फी निघाली. घराचे गळके पत्रे बदलले. पोराला वडिलांनी विजेवरची स्कूटर घेऊन दिली. तिची बॅटरी काढून घरात आणता येते, म्हणून वायरीचा प्रश्नही मिटला.

पोराचा आयटीआयचा इलेक्ट्रिशियनचा दाखला ट्रंकेत पडून होता. तो त्याने बाहेर काढला. विजेच्या आणि हायब्रीड मोटारींत जाड केशरी वायरी असतात. त्यांत माणूस जागच्या जागी ठार होईल एवढा दाब असतो आणि साध्या गॅरेजवाल्याने त्यांना हात लावायचा नसतो. ते काम शिकलेला माणूस लागतो. सध्या तो एका वर्कशॉपमध्ये उमेदवारी करतो. परवा भेटला तेव्हा हाताला काळे लागलेले होते. म्हणाला, "काका, तीच गाडी आली होती आमच्याकडे. दुसऱ्या कुणीतरी घेतली. बॅटरीचंच काम आहे."

"मग?"

"मग काय, बिल बघून मालक खुर्चीत बसला."

मोबाईलवरचा फोटो मात्र त्याने अजून पुसलेला नाही.