गुण वाढतात ते कोठून?

मृगाचा पहिला पाऊस पडला कीं आमच्या कंधारच्या एस.टी. स्थानकावर एक देखावा दरवर्षीं दृष्टीस पडतो. दोरीनें आवळलेली गादी, लोखंडी ट्रंक, फराळाचा डबा, आणि त्या सामानाशेजारीं उभा असलेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी. कोणी अहमदपूरमार्गें लातुरास निघालेलें असतें, कोणी लोह्यावरून नांदेडास. आईचे डोळे ओलावलेले असतात आणि वडिलांच्या खिशांत शिकवणी-वर्गाच्या पहिल्या हप्त्याची पावती असते. वर्षां-दोन वर्षांनीं त्यांतलींच कांहीं मुलें त्याच गादीसह परत येतात, आणि मग त्यांचे वडील एखाद्या संध्याकाळीं आमच्या ओसरीवर येऊन टेकतात. प्रश्न एकच असतो, "गुरुजी, पोरानें अभ्यास तर रात्रंदिवस केला, मग गुण कां वाढत नाहींत?"

आम्ही स्वतः केवळ मॅट्रिक. पुढें शिक्षकाचें प्रशिक्षण घेऊन सारा जन्म प्राथमिक शाळेंत खडू झिजविला, आणि लहानपणीं चुलत्यांपुढें बसून थोडें संस्कृत शिकलों, हीच काय ती आमची विद्या. पदार्थविज्ञानांतील एखादें गणित कोणीं पुढें केल्यास आम्ही हात जोडूं. तथापि परीक्षा देणें ही विषयज्ञानाहून निराळी अशी एक कला आहे, आणि तींत मुलांचा पाय कोठें घसरतो हें पाहण्यांत आमचीं पुष्कळ वर्षें गेलीं. शिवाय मध्यंतरीं आमच्याच घरांत या प्रश्नाची जी चौकशी झाली, तींत आमची स्वतःची एक मोठी चूक उघडकीस आली. ती सांगावी म्हणूनच हा लेखनप्रपंच.

आधीं या परिस्थितीचा थोडा पूर्ववृत्तांत देणें अवश्य आहे. निजामी अमदानींत आमच्या मराठवाड्यांतील मुलांस उच्च शिक्षण घ्यावयाचें तर हैदराबादेस जाऊन, १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत, तें उर्दूंतून घ्यावें लागे. १९४८ च्या सप्टेंबरांत हें संस्थान स्वतंत्र भारतांत आलें. १९५० सालीं नांदेडास पीपल्स कॉलेज निघालें, १९५८ सालीं औरंगाबादेस (आजचें छत्रपति संभाजीनगर) मराठवाडा विद्यापीठ, आणि १९७० सालीं लातुरास राजर्षि शाहू महाविद्यालय. याच महाविद्यालयांत प्राचार्य जनार्दन वाघमारे व त्यांचे सहकारी यांच्या श्रमांतून पुढें 'लातूर पॅटर्न' या नांवानें गाजलेली पद्धति उभी राहिली. तिचें मर्म साधें होतें: अभ्यासक्रम लवकर संपवावा, उरलेल्या काळांत चाचणीमागून चाचणी घ्यावी, आणि प्रत्येक उत्तरपत्रिका तपासून, विद्यार्थ्यास समोर बसवून, त्याची उणीव त्यास दाखवावी. पुढें अनेकांनीं तिचें अनुकरण केलें. त्यांपैकीं बहुतेकांनीं चाचण्यांची संख्या तेवढी उचलली आणि शेवटचें, कष्टाचें कलम सोडून दिलें.

दुसरी गोष्ट परीक्षेच्या पालटाची. वैद्यकीय प्रवेशासाठीं साऱ्या देशास एकच असलेली 'नीट' ही परीक्षा प्रथम २०१३ सालीं झाली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानें २०१६ सालीं ती पुन्हां लागू झाली. २०२० सालीं महाराष्ट्रांत आणखी एक फरक पडला. वैद्यकीय महाविद्यालयांतील सत्तर टक्के जागा त्या त्या विभागांतील विद्यार्थ्यांस राखण्याची रीति त्या वर्षीं रद्द झाली. मराठवाड्यांत महाविद्यालयें थोडीं, म्हणून ही रीति आम्हांस जाचक वाटत असे. ती गेल्यामुळें दार मोठें झालें, पण दाराशीं लोटणारी गर्दीही मोठी झाली. अशा स्पर्धेंत चार-पांच गुणांनींही शेंकडों उमेदवार पुढें जातात किंवा मागें पडतात.

आतां घरची हकीकत. आमच्या मुलीची मुलगी २०२४ सालीं नीटला बसली. त्या वर्षीं १८० प्रश्न सोडवावयाचे होते. बरोबर उत्तरास चार गुण, चुकलेल्या उत्तरास एक गुण वजा, आणि कोऱ्या सोडलेल्या प्रश्नास शून्य. परीक्षेपूर्वीं आम्हीं तिला बजावलें होतें कीं, "जें खात्रीनें येतें तेवढेंच लिही. अंदाजानें ठोकून देणें ही विद्येशीं लबाडी आहे." पोर आज्ञाधारक, तिनें ऐकलें. निकाल लागला तेव्हां गुण आले ४५६, आणि त्या वर्षींच्या स्पर्धेंत एवढ्यानें कांहींच साधण्यासारखें नव्हतें.

घरांत मोठा खल झाला. त्याच वर्षीं प्रश्नपत्रिका फुटल्याचें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें होतें, त्यामुळें जांवई म्हणाले, "चोरांच्या बाजारांत आपल्या पोरीचा काय दोष?" मुलगी म्हणाली, "अण्णा, गांवाकडचें दोन एकर काढूं, पण तिला आणखी एक वर्ष मोठ्या वर्गाला घालूं." नात कोपऱ्यांत बसून ऐकत होती. ज्या वर्गाला ती आधीं जात असे, तेथें दर आठवड्यास चाचणी होई आणि गुणांची यादी भिंतीवर लागे. परंतु उत्तरपत्रिका एकदांही कोणीं तिच्यापुढें उघडून बसला नव्हता. आम्हीं म्हटलें, जमीन विकण्याआधीं निदान तिनें गमावलेले गुण कोठें गेले तें तरी पाहूं.

या परीक्षेहून प्रश्नपुस्तिका घरीं आणतां येते, आणि उत्तरपत्रिकेची प्रत व अधिकृत उत्तरसूची पुढें संकेतस्थळावर मिळते. तीन दिवस आम्ही आजा-नात ओसरीवर हीं तिन्ही मांडून बसलों. हिशेब असा निघाला: बरोबर १२१, चूक २८, कोरे ३१. मग चुकलेल्या अठ्ठावीस प्रश्नांचे आम्हीं तीन ढीग केले. जें कधीं शिकलेंच नव्हतें असे नऊ. शिकलें होतें पण ऐनवेळीं आठवलें नाहीं असे आठ. आणि येत असूनही चुकले असे अकरा. कोठें 'चुकीचें विधान निवडा' यांतील 'चुकीचें' हा शब्दच वाचलेला नव्हता. कोठें सेंटिमीटरचे मीटर करावयाचे राहिले होते. दोन ठिकाणीं तर उत्तर पुस्तिकेंत बरोबर असून उत्तरपत्रिकेवर शेजारचें वर्तुळ काळें झालें होतें. अशा प्रत्येक चुकीची किंमत एक गुण नव्हे, पांच गुण. चार न मिळाल्याचे आणि एक गेल्याचा. अकरा पंचे पंचावन्न.

त्यानंतर कोऱ्या एकतीस प्रश्नांकडे वळलों, आणि तेथें आमची मान खालीं गेली. त्यांपैकीं बावीस प्रश्नांपुढें तिनें पेनानें दोन दोन पर्याय खोडले होते, आणि उत्तरसूचीशीं ताडून पाहतां एकोणीस ठिकाणीं खरें उत्तर उरलेल्या दोहोंतच होतें. म्हणजे अर्ध्या वाटेपर्यंत ती आपल्या ज्ञानानें पोंचली होती, आणि पुढचें पाऊल आमच्या उपदेशानें रोखलें होतें.

वाचकांनीं हा हिशेब स्वतः करून पाहावा. डोळे मिटून चारांतील एक पर्याय निवडला, तर चार प्रश्नांत एकदां चार गुण येतील आणि तीनदां एकेक जाईल. निव्वळ प्राप्ति चार प्रश्नांमागें एक गुण. ती इतकी क्षुल्लक, कीं दैवाच्या एका फेऱ्यांत वाहून जावी. पण एक पर्याय खात्रीनें खोडला तर तीन प्रश्नांमागें दोन गुण पडतात, आणि दोन खोडले तर दोन प्रश्नांमागें तीन! या रीतीनें त्या बावीस प्रश्नांवर, फसलेले तीन वजा करूनही, सरासरीनें पंचवीस गुण आले असते. ते पंचवीस आणि वरचे पंचावन्न मिळून ऐंशी. नवें एक अक्षरही न शिकतां ऐंशी गुण! तेवढ्यानें प्रवेश झालाच असता असें आमचें म्हणणें नाहीं. पण ते ऐंशी गुण कोणा चोरानें नेले नव्हते, एवढें जांवयांनाही पटलें. ज्यास आम्ही लबाडी म्हणत होतों तो वस्तुतः अर्धवट ज्ञानाचा प्रामाणिक उपयोग होता, हें आम्हांस साठीनंतर आमच्या नातीच्या पेनानें शिकविलें.

येथें एक इशारा द्यावयास हवा. परीक्षेपरीक्षेचे नियम निराळे असतात. अभियांत्रिकी व औषधनिर्माणशास्त्र यांसाठीं असलेल्या महाराष्ट्राच्या सामाईक प्रवेश परीक्षेंत चुकीबद्दल गुण वजा होत नाहींत. तेथें एकही प्रश्न कोरा सोडणें हें निव्वळ नुकसान होय. म्हणून अभ्यासास बसण्यापूर्वीं त्या वर्षींचें माहितीपत्रक मुलानें आणि पालकानें दोघांनींही वाचावें.

जमीन विकली नाहीं. नात घरींच राहिली, आणि तीन ढिगांस तीन निरनिराळीं औषधें योजलीं. जें आलेंच नव्हतें त्यासाठीं एन.सी.ई.आर.टी.चें मूळ पुस्तक. राज्यमंडळाच्या पुस्तकांवर वाढलेलीं आमचीं मुलें तें वरवर चाळतात, आणि जीवशास्त्राचे नव्वद प्रश्न मात्र बहुतांशीं त्याच्याच ओळींतून उतरतात.

जें विसरलें होतें त्यासाठीं आम्हीं आमच्या चुलत्यांची रीत काढली. ते संथा देऊन झाली कीं पोथी मिटवून ठेवीत आणि "आतां म्हण" असें सांगत. अडलें तरी पुष्कळ वेळ पोथी उघडूं देत नसत. वेदपाठी मंडळी तर पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ असे तेच शब्द उलटसुलट क्रमानें म्हणून पक्के करीत. या जुन्या शहाणपणास आधुनिक प्रयोगांचाही दुजोरा आहे. जर्मनीच्या एबिंगहाउस यांनीं १८८५ सालीं दाखविलें कीं पाठ केलेलें बरेचसें पहिल्या कांहीं तासांतच निसटतें. २००६ सालीं अमेरिकेंतील रोडिगर व कार्पिक यांनीं कांहीं विद्यार्थ्यांस एक उतारा पुनःपुन्हां वाचावयास दिला, व कांहींस तो मिटवून आठवावयास लाविला. पांच मिनिटांनीं वाचणारे सरस ठरले. आठवड्यानें मात्र आठवणारे पुढें गेले. पुन्हां पुन्हां वाचल्यानें ओळख वाढते, आणि ओळखीलाच मुलें ज्ञान समजतात. नातीनें प्रत्येक प्रकरण त्याच रात्रीं, मग तिसऱ्या, सातव्या व एकविसाव्या दिवशीं, पुस्तक मिटवून कोऱ्या कागदावर उतरविण्याचा परिपाठ ठेविला.

तिसऱ्या ढिगास औषध शिस्तीचें. 'नाहीं', 'चुकीचें', 'खेरीज' हे शब्द दिसतांच अधोरेखित करावयाचे. एक पान सोडवून झालें कीं त्या पानाचीं वर्तुळें तेव्हांच भरावयाचीं. आणि दर रविवारीं दुपारीं दोन ते पांच, म्हणजे खऱ्या परीक्षेच्याच वेळीं, पूर्ण सराव-परीक्षा. एप्रिलच्या उन्हांत, वीज गेली असली तरी, तिनें ती उठून मोडली नाहीं. सोमवारचा दिवस नवा अभ्यास न करतां चुका वहींत उतरविण्याचा. प्रश्न, आपलें उत्तर, खरें उत्तर, आणि कोणता ढीग, एवढेंच त्या वहींत असे. महिन्यामहिन्यानें तिसरा ढीग बारीक होत गेला. घरांत आम्हीं एकच नियम केला: सराव-परीक्षेनंतर "किती पडले?" असें कोणीं विचारावयाचें नाहीं, "कोठें गेले?" असें विचारावयाचें. आणि रात्रीं दहानंतर दिवा मालवावयाचा. पहिल्या वर्षीं पोर निजत नव्हती, हें आमच्यापैकीं एकाच्याही ध्यानांत आलें नव्हतें.

२०२५ सालीं परीक्षा १८० प्रश्नांची आणि बरोबर १८० मिनिटांची झाली. भौतिकशास्त्राचा भाग तर इतका अवघड निघाला कीं मुलें रडत बाहेर आलीं. नातीस ४८९ गुण पडले. तेहतीसच गुण वाढले म्हणून शेजारीपाजारी हळहळले. परंतु प्रश्नपत्रिका कठीण झाली कीं सर्वांचेच गुण उतरतात, आणि प्रवेश गुणांवर नव्हे, क्रमांकावर मिळतो. तिचा क्रमांक लाखांनीं वर आला होता. येत असून चुकलेले प्रश्न अकरावरून चारावर आले होते. एम.बी.बी.एस.ची सरकारी जागा थोडक्यांत हुकली. शासकीय आयुर्वेद महाविद्यालयांत मात्र प्रवेश मिळाला.

त्या रात्रीं आम्हीं तिला विचारलें, "पहिल्याच वर्षीं आम्ही तुझ्या आड आलों नसतों तर?" ती म्हणाली, "आजोबा, तो कोणता ढीग? न येणाऱ्याचा कीं येत असून चुकल्याचा?" आम्हीं प्रामाणिकपणें पहिला सांगितला.

आतां तिच्या पहिल्या वर्षाच्या अभ्यासांत अष्टांगहृदय आहे. आठवड्यांतून एकदोनदां तिचा फोन येतो आणि एखादा समास सोडवून मागते. आम्ही तो लगेच सोडवून देत नाहीं. पोथी मिटव, आणि आधीं तूं सांग, असें म्हणून वाट पाहतों.