एटीव्हीचा काटा आणि पेट्रोलचा हिशेब

एटीव्हीतलं पेट्रोल तासांवर मोजावं, काट्याला फार मान देऊ नये. टाकीतला फ्लोट पेट्रोलवर तरंगतो आणि त्याच्या दांडीवरून काटा हलतो. हे गणित गाडी सपाटीवर असेपर्यंतच खरं. लांब चढावर पेट्रोल मागे सरकतं, आडव्या उतारावर एका कुशीला जमतं. त्यात जागा मिळेल तशी बसवलेली टाकी वेडीवाकडी, म्हणून काट्याचा वरचा पाव आणि खालचा पाव सारखा नसतो. किलोमीटरचाही भरवसा नाही: लो गिअरमध्ये चिखल तुडवताना इंजिन तासभर राबतं, अंतर जेमतेम पडतं. बऱ्याच एटीव्हींना अवर मीटर असतो, तो वापरा. सपाट जागी टाकी फुल करा, आकडा टिपा, फिरून पुन्हा फुल करा. 3 तासांत 9 लिटर लागलं, तर ताशी 3 लिटर.

कोणी म्हणेल, नवे डिजिटल मीटर सरासरी काढतात. काढतात, पण त्याने हिंदकळणं लपतं, कल नाही. थ्रॉटलप्रमाणे ताशी खप बदलतो हा आक्षेप मात्र रास्त; म्हणून सगळ्यात वाईट दिवसाचा आकडा धरावा आणि जाताना एक तृतीयांशच जाळावं. रिझर्व्हची सोय जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांत: कॉक फिरवला की खालचं राखीव पेट्रोल मिळे. इंजेक्शनच्या गाडीत सहसा तो कॉकच नसतो. उलट टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो, आणि कोरडा चालला तर तापून खराब होऊ शकतो. तो बदलण्याचा खर्च कॅरिअरला बांधलेल्या पेट्रोलच्या कॅनपेक्षा कितीतरी जास्त.